उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पाळकाला आठवड्यातून एकच दिवस काम असतं आणि तेही दीड तासाचं, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. ते एस.टी.त कंडक्टर होते. जो माणूस दिवसभर उभा राहत नाही तो काम करतो, हे त्यांना पटतच नसे. बाकीचे सहा दिवस जावई काय करतात, असं त्यांनी एकदा मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लोकांच्या घरी जाऊन चहा पितात." हे खोटं नव्हतं.

आता मी निवृत्त आहे, नगरला राहतो आणि डॉक्टरांनी चहा बंद केला आहे. नाताळ अंकासाठी सेवेतले अनुभव लिहून द्या, असा फोन आला तेव्हा फोन करणाऱ्याने शेवटी हळूच जोडलं, "जरा आत्मिक लिहा, साहेब." म्हणजे भांडणांचं लिहू नका. पण माझी सगळी सेवा भांडणांतच गेली. ती वगळली तर माझं पान कोरं सोडावं लागेल, आणि कोरं पान छापायला अंकवाल्यांना परवडणार नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चर्चला येणाऱ्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो आणि त्या मंडळीची देखभाल करणारा तो पाळक. उपदेश, लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी हे सगळं आम्हाला कॉलेजात शिकवतात. दोन विश्वासणाऱ्यांचं फाटलं तर काय करायचं, हे मात्र तिथे एका तासात उरकलं आणि त्या तासाला मी झोपलो होतो. गोदाकाठी पुणतांब्याच्या पलीकडे माझी बदली झाली तेव्हा गावचे पाटील मला म्हणाले, "तुमच्यात बी भांडणं होत्यात व्हय? तुमी तर एका गालावर मारलं की दुसरा गाल पुढं करता ना?" मी म्हटलं, करतो की, पण बहुतेक वेळा शेजारच्याचा.

भावाने आपला अपराध केला तर काय करावं, याचा क्रम प्रभूने घालून दिलेला आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन बोलावं. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जावं. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांगावं. आमच्याकडे हाच क्रम पाळतात, फक्त उलटा. आधी मंडळीला कळतं, मग दोघं-तिघं चघळतात, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला सगळ्यात शेवटी, बायकोकडून कळतं. आता मोबाईलमुळे आणखी सोय झाली आहे. पहाटे ग्रुपवर एखादं वचन पडतं. त्यावर कोणाचं नाव नसतं, पण ते कोणासाठी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. दुपारी समोरून उत्तरादाखल दुसरं वचन येतं आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. ते चित्र दिसलं की मी स्कूटर काढायचो.

एका गावात पंख्यावरून भांडण झालं होतं. एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ चर्चला पंखा दिला आणि पात्यांवर त्यांचं नाव रंगवून घेतलं. पंखा फिरू लागला की नाव दिसेना. म्हणून त्या घरातलं कोणीतरी उपासनेच्या मध्यात उठून पंखा बंद करायचं. मे महिन्यात. घामाने निथळणाऱ्या मंडळीने माझ्याकडे तक्रार केली. मी ते नाव पात्यांवरून काढून भिंतीवर रंगवायला लावलं, तर ते लोक म्हणाले, साहेब, मग भिंत दुसऱ्या कोणी दिलीय असं वाटेल. शेवटी बटणाच्या पाटीवर नाव घातलं. आता पंखा लावणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागतं, आणि घरचे खूश आहेत.

पण खरं सांगायचं आहे ते दोन विहिणींचं.

मार्थाबाई साळवे म्हणजे मंडळीतलं मोठं प्रस्थ. घरचा ऊस, दोन म्हशी आणि खणखणीत आवाज. त्यांचा मुलगा सुधीर नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. त्याचं लग्न गावातल्याच कृपाशी झालं. कृपाची आई साराबाई विधवा होती. बालवाडीत मदतनीस म्हणून काम करायची आणि बोलायची तेव्हा पदर तोंडाशी धरायची. आमच्या लोकांनी पूर्वी केव्हातरी देव बदलला, पण मानपान मात्र जुनाच ठेवला आहे. हळद तीच, मांडव तोच, आणि वरमाईचं नाकही तेवढंच नाजूक. लग्नात साराबाईंनी ऐपतीप्रमाणे एक बोकड कापला होता. माणसं मात्र साळव्यांच्या ऐपतीप्रमाणे आली.

आमच्या बुधवारच्या प्रार्थना घरोघरी पाळीने होतात. सतरंजीवर गोल करून बसायचं, पेटी-तबल्यावर दोन भजनं म्हणायची, आणि मग डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. या प्रार्थनेचा एक नियम बाहेरच्यांना ठाऊक नसेल. कोणी प्रार्थना करत असताना मधे बोलायचं नाही. ग्रामसभेत बोलता येतं, वराती अडवता येतात, पण चालू प्रार्थना अडवता येत नाही. आणि ती संपली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे तसंच होवो. थोडक्यात, ज्याला काही सुनावायचं आहे त्याच्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही. देवाकडे तोंड करून बोललं की शेजाऱ्याला उत्तर देता येत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच बुधवारी मार्थाबाईंनी प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेत त्यांची भाषा नेहमीपेक्षा वजनदार व्हायची.

"हे स्वर्गीय बापा, तू पाच भाकरी आन् दोन मासळ्यांत पाच हजारांना जेवू घातलंस. तुझी करणी थोर हाय. आमी बी आमच्या डोळ्यांनी पाह्यलं, एका बोकडात तू अख्खं लग्न उरकलंस. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते लोकांच्या लक्षात आलं. पाळक प्रार्थनेत एक डोळा किलकिला ठेवतो. कोण पेंगतंय आणि कोणाचं पोर दाराबाहेर निघालंय हे पाहावं लागतं. त्या डोळ्याने मी साराबाईंना पाहिलं. त्या सतरंजीचा धागा ओढत होत्या. पुढे त्या मला म्हणाल्या, "साहेब, तिचं बोलणं मी सोसलं आस्तं. पन सवयीनं मी बी आमेन म्हटलं." हे सांगताना त्यांना रडू आलं, आणि मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

साराबाईही काही कमी नव्हत्या. पुढच्या बुधवारी त्यांनी पदराआडून प्रार्थना केली. प्रभू, रानात तुझ्या लोकांनी मांसासाठी कुरकुर केली, आणि कुरकुर करणाऱ्यांचं तू पुढं काय केलंस ते मी सांगत नाही, ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं. त्या लोकांवर मरी आली होती हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. मार्थाबाईंना आमेन म्हणावं लागलं.

तेव्हापासून बुधवारला जी गर्दी होऊ लागली तशी मी आयुष्यात पाहिली नव्हती. जे लोक नाताळ आणि गुड फ्रायडेलाच दिसायचे ते वेळेआधी येऊन पुढची जागा धरू लागले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि गावात आत्मिक जागृती आली आहे असं ते इतर पाळकांना सांगत सुटले.

मी क्रमाने गेलो. आधी एकटा. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पाळकाची स्कूटर कोणाच्या दारात उभी आहे यावरून तो कोणाच्या बाजूचा हे ठरतं. म्हणून मी ती पिठाच्या गिरणीपाशी लावायचो आणि दोन्हीकडे पायी जायचो. चहा दोन्ही घरी सारखाच प्यायचा. एकीकडे पूर्ण कप आणि दुसरीकडे अर्धा प्यायलो की झालं, पाळक फितला. मार्थाबाई म्हणाल्या, माझं कोणाशी काही नाही, मी देवाची स्तुती केली. आता स्तुतीही करू नको म्हणता का? साराबाई म्हणाल्या, मी तर केव्हाच माफ केलंय, फक्त मी माफ केलंय हे तिला कळू द्या, म्हणजे तिला जरा लाज वाटेल.

मग दोन वडील माणसं घेऊन बसलो. एक शांतवन मास्तर, निवृत्त शिक्षक आणि नावाच्या अगदी उलट स्वभावाचे. दुसरे दाऊदमामा तबलजी. विहिणींना बोलावण्याआधी या दोघांचं एकमत व्हावं म्हणून चर्चा केली. मास्तर लग्नात पहिल्या पंगतीला जेवले होते. ते म्हणाले, मटण भरपूर होतं, मार्थाबाईंचं म्हणणं खोटं आहे. दाऊदमामा शेवटच्या पंगतीला होते. ते म्हणाले, रश्शात मला माझं तोंड दिसत होतं. मास्तरांनी त्यांना खादाड म्हटलं. दाऊदमामांनी मास्तरांचं जुनं काहीतरी काढलं. मला विहिणी बाजूला ठेवून आधी त्या दोघांचा समेट करावा लागला आणि त्यात एक महिना गेला.

शेवटी मी क्षमेवर उपदेश केला. इतका चांगला उपदेश मी पुन्हा केला नाही. मलाच गहिवरून आलं. उपासनेनंतर दारात मार्थाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं झालं बोललात, साहेब. तिला सांगायलाच पायजे हुतं." त्यांच्यामागे साराबाई उभ्या होत्या. त्यांनीही हात धरला आणि तेच सांगितलं.

इथवर मला हे भांडण, खरं सांगतो, गमतीचं वाटत होतं. मग कृपाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत आमच्यातही आहे. माहेर तीन गल्ल्या पलीकडे होतं. पण मार्थाबाई म्हणाल्या, तिथं बाळंतिणीला काय खायला घालतील, पाणी? आणि सूनबाईला पाठवलं नाही. मुलगी झाली. साराबाई सरकारी दवाखान्यात गेल्या तेव्हा मार्थाबाईंनी बाळ पदराखाली घेतलं, झोपलंय म्हणाल्या, आणि ते सोडलंच नाही. पुढे रविवारी चर्चमध्ये बायकांच्या सतरंजीवर मार्थाबाई नात घेऊन पुढे बसत, आणि साराबाई मागे भिंतीला टेकून मान वाकडी करून पाहत. पोरीचं टोपडं तेवढं दिसायचं. पोर चार महिन्यांची झाली तरी साराबाईंनी तिला हातात घेतलं नव्हतं.

मार्थाबाईंनी बाप्तिस्म्याचा दिवस ठरवला. निमंत्रणात साराबाईंचं नाव नव्हतं. त्याच संध्याकाळी कृपा बाळ घेऊन माझ्या घरी आली. ही पोर कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. दारातच उभी राहून ती म्हणाली, "साहेब, माझी आई तिथं नसंल तर मी बाळाला पुढं आननार न्हाई. सासूबाईंना सांगा. रीत म्हनून बाळाला त्याची आईच पुढं घेऊन येते, व्हय ना? मग मी बसूनच ऱ्हाईन."

मी तिला म्हटलं, सुधीरला सांग. ती म्हणाली, ते शनिवारी येतात, आईच्या हातचं जेवतात, आणि रविवारी संध्याकाळी दोघींचंही बरोबर आहे म्हणून नागापूरला जातात. मग ती रडायला लागली, बाळही रडायला लागलं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. मी माणसांना इतकी वर्षं हसत बसलो होतो, आणि इथे एका मुलीचे दोन तुकडे होत होते.

बुधवार शांतवन मास्तरांकडे होता. गर्दी दारापर्यंत. मार्थाबाई एका कडेला, बरोबर समोर साराबाई. भजन संपलं आणि सगळ्यांनी सवयीने डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की या दोघी गिरणीत रोज समोरासमोर येतात आणि तिथे एक शब्द बोलत नाहीत. बोलतात ते फक्त डोळे मिटल्यावर. मी म्हटलं, "डोळे उघडा. आजपासून या मंडळीत प्रार्थना उघड्या डोळ्यांनी करायची. आणि ज्याच्याविषयी करायची त्याच्याकडे पाहून करायची."

मास्तर उसळले. हे कोणत्या शास्त्रात आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोळे मिटा असं तरी कुठे लिहिलंय, दाखवा. ते चष्मा शोधू लागले. एक-दोघांनी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करून पाहिली. दाऊदमामांना समोर बसलेल्या मास्तरांसाठी प्रार्थना करायची होती. त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि सरळ पावसासाठी प्रार्थना केली. एरवी जिला रात्रीचे नऊ वाजायचे ती प्रार्थना त्या दिवशी लवकरच संपत आली. मग मार्थाबाईंची पाळी आली.

त्यांनी घसा खाकरला आणि साराबाईंकडे पाहिलं. "हे स्वर्गीय बापा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "हे स्वर्गीय बापा, तू पाच भाकरी..." आणि पुन्हा थांबल्या. साराबाई पदर न धरता त्यांच्याकडे पाहत होत्या. दारातले लोक माना उंच करून बघत होते. मार्थाबाईंचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मी त्या दिशी उपाशी घरी गेल्ते," त्या म्हणाल्या. "वरमाय मी. समदे जेवले. मला कोनी जेवा म्हटलं न्हाई. घरी जाऊन पिठलं टाकलं आन् एकटीनं खाल्लं."

चालू प्रार्थनेत कोणी बोलत नाही, पण साराबाई बोलल्या आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

"मटन संपलं हुतं," त्या म्हणाल्या. "मी चुलीमागं हुते. रश्शात पानी वतत हुते. वरमाईसमोर कोनतं ताट घेऊन येऊ? मला वाटलं तुमी जेवला असाल. न्हाई, खोटं बोलते. मला वाटलं, तुमी जाईपत्तर मी लपून ऱ्हावं."

इतक्या दिवसांची गंमत बघायला आलेली माणसं सतरंजीकडे पाहू लागली. एकीला वाटलं आपला अपमान केला, आणि दुसरी तिच्यासमोर यायला लाजून धुरात बसली होती. मधल्या काळात मी दोन्ही घरी मिळून किती चहा प्यायलो, पण लग्नात तुम्ही जेवलात का, एवढं मार्थाबाईंना विचारावं हे मला कधी सुचलं नाही. शेवटी मास्तर मोठ्याने "आमेन" म्हणाले, कारण प्रार्थना कुठेतरी संपवायला हवी होती.

इथे दोघी गळ्यात पडल्या असं वाचकांना वाटत असेल. तसलं काही झालं नाही. चपला शोधताना एकमेकींकडे न बघता दोघी दोन दिशांनी गेल्या. फक्त शुक्रवारी कृपाने निरोप आणला की सासूबाईंनी आईला जेवायला बोलवायला सांगितलंय, आणि बाप्तिस्मा ठरल्या दिवशी आहे.

रविवारी कृपाने बाळ पुढे आणलं. साराबाई मागच्या भिंतीपाशीच होत्या. पाणी डोक्यावर पडल्यावर पोरीने असा टाहो फोडला की मार्थाबाईंचा आवाज कोणाला मिळालाय याबद्दल शंका राहिली नाही. मग साळव्यांच्या अंगणात पंगत बसली. या वेळी बोकड दोन होते. मार्थाबाई नात मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या आणि कोण जेवलं, कोण राहिलं यावर ओरडत होत्या. साराबाई आल्या, कोणी सांगितलं नसताना वाढप्याच्या हातातून पळी घेतली, ताट वाढलं, आणि ते पंगतीतल्या कोणाला न देता सरळ खाटेपाशी नेलं.

"जेवा, विहीणबाई," त्या म्हणाल्या, आणि ताट धरून उभ्या राहिल्या.

अंगणात सगळ्यांचे घास हातात थांबले. मार्थाबाईंनी ताटाकडे पाहिलं. मटणाचे तुकडे इतके वाढले होते की भाकरी दिसत नव्हती. मग त्यांनी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं, आणि चढ्या आवाजात, जणू साराबाईंनीच काही चूक केली आहे अशा सुरात म्हणाल्या, "तर मग हिला धरा की. भाकरी मोडायला दोन हात लागत्यात."

मार्थाबाई त्या दिवशी तीनदा वाढून घेऊन जेवल्या. साराबाई जेवल्या नाहीत. पंगती उठल्या, ताटं घासून झाली, तरी त्या खाटेच्या कडेला बसून होत्या. मी दोनदा जाऊन जेवा म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली, कारण नात त्यांच्या मांडीवर झोपली होती.